आधी नखं दाखवा

बालाघाटला नोकरीवर रुजू झालो त्या आठवड्यात मी भाड्याची खोली शोधत हिंडत होतो. कुणीतरी एका निवृत्त प्राध्यापिकेचं घर सांगितलं. फाटकाची कडी वाजवली तर आतून एक उंच, काटक बाई आल्या. पांढरे केस मानेपाशी कापलेले, सुती साडी घोट्याच्या वर खोचलेली आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात किल्ल्यांबरोबर लटकणारं नेलकटर. मी नमस्कार करून खोलीचं विचारलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पहले नाखून दिखाइए."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण त्या तशाच उभ्या. शेवटी मी शाळकरी पोरासारखे दोन्ही हात पुढे केले. चष्मा वर सरकवून त्यांनी एकेक बोट तपासलं, मग गळ्यातला दोरा काढून नेलकटर माझ्या हातावर ठेवलं. उजव्या अंगठ्याचं नख वाढलेलं होतं. ते मी रस्त्यावरच्या लोकांसमोर, फाटकात उभा राहून कापलं, तेव्हा कुठे मला घरात पाऊल टाकता आलं.

आत गेल्यावर कारण कळलं. बैठकीत सोफा होता, पण त्यावर संत्री बसली होती. खाली वर्तमानपत्र, वर ओळीनं मांडलेली फळं, एकही दुसऱ्याला टेकलेलं नाही. दिवाणावर मोसंबी होती, खिडकीच्या कठड्यावर लिंबं. माणसांसाठी जमिनीवर सतरंजी अंथरलेली होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या बरोबर खाली, जेवणाच्या टेबलावर, काचेच्या उपड्या बरणीत एक संत्रं. त्याच्यावर हिरवट भुकटीचा थर चढलेला होता आणि कडेनं पांढरी किनार. शेजारी भाजीचं भांडं.

"जेव बिनधास्त," पहिल्या दिवशी जेवायला बोलावलं तेव्हा मॅडम म्हणाल्या. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांनी एका दमात हिंदी सोडली होती आणि 'आप'वरून 'तू'वर आल्या होत्या. "ती बुरशी बाहेर येत नाही. बरणी मी गेल्यावरच कोणी उचलंल."

त्यांच्या भाषेचा हा नियमच होता. रागावल्या की हिंदी, माया आली की मराठी, आणि इंग्रजी फक्त बुरशीच्या नावापुरती. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो म्हणून मला त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही. "काय केमिस्ट्री, आला का?" हाच शब्द. त्यांचं घर सोडून मला बरीच वर्षं झाली, तरी फोनवर आजही मी केमिस्ट्रीच आहे.

त्यांनी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण जीव लावला तो एकाच गोष्टीला. तोडलेलं संत्रं का सडतं, आणि ते सडू नये म्हणून काय करावं. या गावाला संत्र्याचं काय! बालाघाट म्हणजे धान, जंगल आणि मँगनीज. संत्रं नागपूरकडून ट्रकनं यायचं आणि बाजारात ढिगानं विकलं जायचं. लोक त्यांना विचारत, मॅडम, तुम्ही धानाच्या रोगावर काम का नाही केलं? त्या म्हणत, "धानाले सारे आहेत. झाडावरच्या फळालेबी मालक आहे. तोडलं की मंग त्याले कोणी नाही. ते जिवंत असते अजून, श्वास घेऊन राह्यते, पण लोक त्याले मेलं समजून फेकतात, आपटतात, त्याच्यावर बसतात."

शेवटचा शब्द माझ्या आईला उद्देशून होता. आई गोंदियाहून मला भेटायला आली तेव्हा घरमालकिणीसाठी पिशवीभर संत्री घेऊन आली. गाडीत गर्दी, पिशवी प्लास्टिकची. मॅडमनी ती पिशवी दोन्ही हातांनी घेतली, संत्री सतरंजीवर मांडली आणि जखमी वेगळी काढत गंभीरपणे विचारलं, "आई, तुम्ही याच्यावर बसल्या होत्या का?"

आईचा चेहरा पडला. वरच्या मजल्यावर माझ्या खोलीत आल्यावर ती मला म्हणाली, "कशी बाई हाय रे ही? भेट देल्ली तर पंचनामा कराले बसली." पण संध्याकाळी मॅडम वर आल्या. जखमी संत्र्यांचा रस काढून त्यांनी ग्लास भरून आणले होते. "जखम ताजी असली की पिऊन टाकाचं," त्या आईला म्हणाल्या. "दुखापत झालेल्याले ठेवून देणं बरं नाही." मग दोघी रात्रीच्या जेवणापर्यंत बोलत बसल्या. आई गेली तेव्हा तिची नखं कापलेली होती.

बुरशीचा त्यांना राग नव्हता. उलट तिच्याबद्दल त्या शेजारच्या उद्योगी बाईबद्दल बोलावं तशा बोलत. "लोक विचारतात, मॅडम, बुरशी कुठून येते? अरे, येत नाही ती. ती आहेच. हवेत आहे, तुह्या शर्टावर आहे, या क्रेटले चिकटून बसली आहे. साल शाबूत असली की बाहेर वाट पाहत राह्यते बिचारी. सालीले ओरखडा पडला की आत. नख लागलं, देठ ओढून काढला, सकाळी दव असताना तोडलं, की दार उघडलं." आधी सालीवर एक मऊ, पाणचट डाग. अंगठ्यानं दाबला तर आत जाणारा. मग पांढरी लव, मग हिरवी भुकटी. त्या भुकटीला त्या फार जपत. जपत म्हणजे उडू देत नसत. बाजारात एखाद्या ढिगात सडकं संत्रं दिसलं की दुकानदार काही बोलायच्या आत त्या ओला रुमाल काढून ते अलगद गुंडाळून घ्यायच्या. "फूँक मत मारना!" ही आरोळी बालाघाटच्या फळबाजाराला पाठ होती. काही दुकानदार चिडत. "आ गई संतरे की डॉक्टरनी," म्हणून एकानं तोंडावर म्हटलं. मॅडमनी वळून विचारलं, "फीस दोगे?" तोही हसला.

त्यांना एकदा पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात ठेवलं होतं. भेटायला येणाऱ्यांनी फळांच्या पिशव्या आणून खाटेशेजारी रचल्या. भूल उतरत होती, मी आणि त्यांची एक जुनी विद्यार्थिनी उशाशी होतो. मॅडमनी डोळे किलकिले केले, ओठ हलवले. आम्ही कान जवळ नेले. वाटलं, पाणी मागत असतील.

"तिसरी पिशवी," त्या पुटपुटल्या. "खालचं एक गेलं आहे. वास येऊन राह्यला."

तिसऱ्या पिशवीत खरंच तळाशी एक संत्रं मऊ झालेलं होतं.

हे सगळं सांगितलं की लोक हसतात. मीही हसतो. पण मॅडम मला जशा कळल्या, त्या एका हिवाळ्यात कळल्या.

तिरोडीच्या बाजूला, महाराष्ट्राच्या सीमेजवळ एक लहान गाव आहे. धानाच्या बांध्या संपून जिथं भरड जमीन चढते तिथं काही घरांनी मिळून संत्र्याच्या बागा लावल्या होत्या. फळ एकदम तयार होतं आणि व्यापाऱ्याचा ट्रक त्याच्या मनानं येतो. म्हणून तोवर ठेवायला त्यांनी एक थंड खोली बांधली होती. विटांच्या दुहेरी भिंती, मधे वाळू, वाळूवर पाणी मारायचं. यंत्र नाही, वीज नाही. आत खरोखर गारवा असायचा. तरी त्या वर्षी फळ सडायला लागलं. त्यांच्या गटाचा प्रमुख, ज्याला सगळं गाव दाजी म्हणायचं, तो एका शेतकऱ्याला बरोबर घेऊन मॅडमकडे आला. दोघांनी फाटकात नखं दाखवली आणि सतरंजीवर बसले.

दाजी मोठा समंजस माणूस. सगळं नीट सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "अजून एक गोष्ट हाय मॅडम. आमच्यात एक बाई हाय, रेखा नावाची. तिचा नवरा गाडीवरून पडून गेला मागच्या साली. मंग घरची म्हैस गेली. अन यंदा जे सडून राह्यलं, ते तिनं तोडलेल्या क्रेटाइतच जास्ती. गावात बोलतात की तिचा हात बरोबर नाही. आता आम्ही तिले तोडाले बोलावत नाही. तुम्ही शिकल्यासवरल्या आहा, तुमाले काय वाटते?"

मला वाटलं, मॅडम आता हिंदीत सुटणार. पण तसं झालं नाही. सोफ्यावरचं एक संत्रं उचलून त्यांनी उगीच दुसऱ्या जागी ठेवलं. मग म्हणाल्या, "उद्या येते मी. केमिस्ट्री, तूबी चाल."

सकाळच्या बसनं आम्ही गेलो. मॅडमनी आधी खोली पाहिली, मग क्रेट. क्रेट मागच्या हंगामातले होते. कोपऱ्याकोपऱ्यात जुनी हिरवी भुकटी वाळून बसलेली. त्यांनी ओल्या फडक्यानं एक कोपरा पुसला आणि फडकं दाजीला दाखवलं.

"हे क्रेट कोणाकडे होते?"

"रेखाकडे. नवे सरले तं तिच्या वाट्याले जुने आले."

"हौ का," एवढंच मॅडम म्हणाल्या.

रेखा विहिरीपाशी उभी होती. तिशीच्या आतली, पदर डोक्यावर, हात मागे धरलेले. दोन्ही हात कुणाला दिसू नयेत असे पाठीमागे. मॅडमनी तिला हाक मारली तशी तिची सासू मधे आली. "तिले नोका बोलावू बाई, कोठीत. मी सांगते, मले काही तिचा दुस्वास नाही. पण पहिले माह्यं पोरगं गेलं, मंग म्हैस, अन आता हे."

"म्हशीचं मले समजत नाही," मॅडम म्हणाल्या. "पोराचंबी नाही. संत्र्याचं समजते. तेवढं पाहू द्या मले."

त्यांनी भाषण दिलं नाही. क्रेट ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुवायला लावले, उन्हात उपडे टाकले. पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन सगळ्या तोडणाऱ्यांना बागेत नेलं. ऊन चढून दव वाळेपर्यंत कुणाला फळाला हात लावू दिला नाही. मग कात्री धरून दाखवली: आधी लांब काप, मग देठ सालीबरोबर काप, पण देठाची टोपी राहू दे, ओढायचं नाही, टाकायचं नाही, ठेवायचं. मोठ्या पातेल्यात कोमट म्हणता येणार नाही आणि उकळतं तर नाहीच, असं गरम पाणी, त्यात खाण्याचा सोडा, त्यात थोडा वेळ फळ बुडवायचं आणि सावलीत वाळवायचं. हे सगळं झाल्यावर त्या दाजीला म्हणाल्या, "आता एक परीक्षा घेऊ. तुम्ही तोडा, रेखाची सासू तोडंल, रेखा तोडंल. सारखे धुतलेले क्रेट. कोणाचा क्रेट कोणता, हे कोणी सांगाचं नाही."

त्यांनी पिशवीतून जुन्या साडीच्या रंगीत चिंध्या काढल्या. प्रत्येकाला एक रंग. अर्धी चिंधी क्रेटच्या आत दांडीला बांधायची, अर्धी आपल्याजवळ लपवून ठेवायची. क्रेट खोलीत लागले. मॅडमनी दाजीच्या हातानं कुलूप लावून घेतलं आणि किल्लीही त्यालाच दिली. "नाही तर म्हणाल, बाईनं रात्रीतून बदलवले."

घरी आल्यावर मात्र त्यांची झोप उडाली. दोन वेळचं जेवण करणारी ही बाई चहावर दिवस काढू लागली. संत्री मोजून मापून ओळीत लावायची, ती मोडायची, परत लावायची. एका संध्याकाळी मी विचारलं, "मॅडम, रेखाचीच सडली तर?"

"तर सडली म्हणावं लागंल," त्या म्हणाल्या. "अन काहून सडली ते शोधावं लागंल. पण ते कोण ऐकून घेणार आहे तवा?" मग म्हणाल्या, "एका क्रेटवर एका बाईचं आयुष्य ठेवून आली मी, केमिस्ट्री. हे शास्त्र नाही. शास्त्राले शंभर क्रेट लागतात, चार हंगाम लागतात. तिच्याजवळ चार हंगाम नाहीत. पुढच्या महिन्यात तिले माहेरी धाडून देणार आहेत कायमचं. दाजी सांगत होता."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मॅडम घाबरतात.

ठरल्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. अंगणात अर्धा गाव जमला होता. दाजीनं कुलूप काढलं. क्रेट बाहेर आणून ओळीनं ठेवले. तीन असायला हवे होते, पण चार होते. मॅडमनी एक जास्तीचा लावलेला मी पाहिला होता, इतर कुणाच्या ते ध्यानात आलं नव्हतं. वरची कागदं काढली. तीन क्रेट केशरी, स्वच्छ. चौथा उघडला तशी बायका मागे सरकल्या. आत हिरवंगार झालेलं. एकाला लागून दुसरं, मऊ, बसलेलं.

रेखाच्या सासूनं तोंडावर पदर घेतला. "मी म्हणत नव्हती का," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "हाच तिचा. हाच असणार."

कुणाला तिच्या म्हणण्यात शंकाच नव्हती. रेखा पाठीमागे हात धरून उभी होती आणि जमिनीकडे पाहत होती. तिलाही शंका नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते पाहणं मला फार जड गेलं.

"चिंध्या काढा," मॅडम म्हणाल्या.

दाजीनं खिशातून निळी काढली. पहिल्या क्रेटवर निळी होती. सासूनं कमरेतली हिरवी काढली. ती दुसऱ्यावर होती. रेखानं हात पुढे आणायला वेळ लावला. मूठ उघडली तर घामानं भिजलेली पिवळी चिंधी. तिसऱ्या क्रेटवर पिवळी होती.

"मंग हा कोणाचा?" दाजीनं विचारलं. सडलेल्या क्रेटच्या दांडीला लाल चिंधी होती.

मॅडमनी पर्स उघडली, लाल चिंधी काढली आणि दाजीच्या हातावर ठेवली.

"हा माझा. तुम्ही सारे जेवाले गेले होते तवा तोडला."

मग त्यांनी दोन्ही हात सगळ्यांसमोर धरले. दहाही नखं वाढलेली होती. मी त्या दिवसांत ती पाहिली होती आणि मला वाटलं होतं, काळजीनं यांना भानच राहिलेलं नाही.

"काही फळांले मी मुद्दाम नख लावलं," त्या म्हणाल्या. "हे लपवत नाही. तोडतानी ओढून तोडली. अन जुना क्रेट घेतला, न धुतलेला. रेखाले जसा भेटला होता तसाच. बाकीची काहून सडली? सडक्याले लागून होती म्हणून. अन माझे डोळे गेले आहेत, कात्री सालीत जाते, म्हणून. आता सांगा, माझ्या हाताले काय म्हणाचं? माझा नवरा मेला नाही, कारण मी लग्नच केलं नाही. म्हैसबी नाही माझ्याजवळ."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"रेखाचा क्रेट पुरता पाहा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी स्वतः एकेक फळ काढलं. तळाजवळ एक निघालं, देठापाशी मऊ. मला वाटलं, हे त्यांनी बाजूला सरकवावं. त्यांनी ते वर धरलं. "हे एक गेलं आहे. दाजीच्याबी क्रेटात दोन आहेत, पाहून घ्या. कोणाच्याच हातून सारे वाचत नाहीत."

सासू क्रेटपाशी खाली बसली होती. तिनं पिवळ्या चिंधीच्या क्रेटमधलं एक संत्रं घेतलं, सोललं. फोड तोंडात घातली. सगळा गाव बघत होता, रेखाही बघत होती. म्हातारी चघळत राहिली, डोळ्यांतून पाणी गळत राहिलं.

"गोड हाय," ती म्हणाली. आणि दुसरी फोड तिनं सुनेपुढे धरली.

गाव एका दिवसात बदलत नाही. हळदीच्या वेळी रेखाला अजूनही कुणी पुढे बोलावत नाही, हे मला दाजीनंच नंतर सांगितलं. पण ती माहेरी गेली नाही. बागेतलं फळ निवडायचं काम आता तिच्याकडे आहे. क्रेट धुतले की नाही ते ती बघते, आणि दव वाळायच्या आत बागेत शिरणाऱ्याला ती परत पाठवते, मग तो दाजी का असेना. मॅडम दर हंगामात जातात. गुडघे दुखतात, बसच्या पायऱ्या चढवत नाहीत, तरी जातात. लग्नाची आमंत्रणं नाकारतात, पण ही फेरी चुकवत नाहीत.

त्या दिवशी परतताना बसमध्ये आम्हाला शेजारी जागा मिळाली. मॅडम खिडकीपाशी बसल्या. विजयाचा आनंद वगैरे काही दिसत नव्हता. थकलेल्या होत्या. मी म्हटलं, "मॅडम, इतकं मनाला लावून घेतलंत. जेवण सोडलंत."

त्यांनी पर्समधून काही काढायला हात घातला आणि तसाच ठेवला.

"माझा बाप उकव्याच्या मँगनीजच्या खाणीत होता," त्या म्हणाल्या. "वस्ती वेगळी होती आमची, गावाबाहेर. घरामागं कागदी लिंबूचं झाड होतं. शाळेत झेंड्याच्या दिवशी सरबत करणार होते, तर बाईनं सांगतलं, ज्याच्या घरी लिंबू असतील त्यानं आणा. मी फ्रॉकच्या ओच्यात भरून नेले. बाई चांगली होती. हसून घेतले, शाब्बास म्हटलं. शाळा सुटल्यावर मी मागच्या बाजूनं गेली, तर गवतात पडले होते. सारेच्या सारे. बाकी पोरींच्या लिंबांचं सरबत झालतं."

बस खड्ड्यातून गेली. त्यांनी समोरची दांडी धरली.

"मी उचलले अन घरी आणून खाटेखाली ठेवले. मायले सांगतलं नाही. मले वाटे, एवढी मोठी बाई फेकते म्हणजे काही कारण असंल. माझ्या हातात काही असंल, अन ते लिंबूले लागलं असंल. आता हे सडतील, मंग मले समजंल काय ते. मी रोज सकाळी उठून खाटेखाली वाकून पाहायची."

"मग?"

"सुकले. करपल्यावानी झाले, दगडासारखे. हालवले की आत बिया वाजत. एकबी सडलं नाही."

मी म्हटलं, "मॅडम, हे तिथं अंगणात सांगायला हवं होतं. सगळ्यांना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पोराला एवढंही कळत नाही, असं काहीतरी त्या नजरेत होतं, पण राग नव्हता.

"तिथं रेखाची गोष्ट होती," त्या म्हणाल्या. "माझी मधात कशाले घालू?"

आणि वाटेतलं वारासिवनी गाव येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या.